बिऱ्हाडापाशी

आक्का, घरात आत्ता मी एकटाच आहे. शैला, आशू आणि महादेवच्या घरची माणसं उद्याच्या दहाव्याचं सामान आणायला कवठे महांकाळला गेलीत. जीप दारात उभी राहिली तेव्हा कुणीतरी विचारलं, "दिव्यापाशी कोण बसणार?" तू ज्या कोपऱ्यात गेलीस तिथं नऊ दिवस दिवा ठेवलाय, आणि त्याला एकटं सोडायचं नाही अशी आपल्यातली रीत. प्रश्न ऐकल्यावर सगळ्यांचे डोळे सवयीनं चुलीशेजारच्या तुझ्या जागेकडे गेले. 

"मी बसतो," मी म्हणालो.

महादेव म्हणाला, "आरं, तू चल की. काय काय लागतंय तुला बघाय नको? बायकांतली कोणतरी बसंल."

"मीच बसणार," मी म्हणालो. जरा जास्तच मोठ्यानं म्हणालो असेन. आपला चुलतभाऊ नुसता मान हलवून जीपमध्ये चढला.

तर आता मी बसलोय. समोर दिवा, शेजारी तुझी पत्र्याची पेटी, पेटीवर घडी घातलेलं तुझं घोंगडं. मांडीवर आशूची जुनी वही आहे. तोंडानं सांगायला मी फार उशीर केला, म्हणून लिहितोय. काल हिरामावशीनं मला तसं बजावलंच आहे, पण ते पुढं येईल.

परवा आशूनं मला विचारलं, "बाबा, सगळ्या बायका सारखं बिऱ्हाड-बिऱ्हाड म्हणतात, आत्या कधी भाड्यानं राहत होती का?" पोर साताऱ्यात वाढली, पुण्यात नोकरी करते. तिच्या लेखी बिऱ्हाड म्हणजे भाड्याची खोली. मी तिला सांगितलं, आपलं बिऱ्हाड घोड्यावर असायचं. दिवाळी झाली की आप्पा मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायचे, आणि घोड्याच्या पाठीवर भांडी, जातं, पिठाचं गठुडं, कोंबड्यांची पाटी, नुकतं जन्मलेलं कोकरू, असा सगळा संसार. मुक्कामाच्या जागी ते उतरवायचं आणि माणसं मेंढरांमागं जायची. मागं एकजण राहायचा, कुत्र्यांपासून, चोरांपासून, वाऱ्यापासून ते राखायला. आई गेल्यावर तो एकजण म्हणजे तू होतीस. आप्पा काठी उचलता उचलता विचारायचे, "बिऱ्हाडापाशी कोण?" आणि उत्तराची वाट न बघता चालू लागायचे.

पोरीला हे सगळं सांगितलं. एक गोष्ट सांगितली नाही. ती तुझी-माझी होती.

मी सात वर्षांचा असेन, तू बारा. पाचगणीच्या खालच्या अंगाला एका शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवली होती. त्याच्या बांधावर स्ट्रॉबेरीच्या रिकाम्या पेट्या पडलेल्या आणि पेट्यांच्या तळाशी रंगीत, गुळगुळीत कागद घातलेले. वरच्या शाळांतल्या पोरांची परदेशी मासिकं रद्दीत यायची, त्यांचेच कागद. तू एक पान काढलंस. त्यावर निळ्या टोकांचा किल्ला होता, आणि किल्ल्याच्या पुढं चहाचे भलेमोठे कप. कपांत माणसं बसली होती.

"नामा, ही बग. कपात बसल्यात."

"कपात बसून काय करत्यात?"

"चा पीत असतील."

"मग चा कुठाय?"

तू पान उलटंसुलटं करून पाहिलंस. चहा कुठंच नव्हता. आपण दोघं इतकं हसलो की वाघरीतली मेंढरं उठून उभी राहिली. (आशू, तू हे वाचशील तर, वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी.) मग तू कपावर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, "आपून एकदा बसायचं ह्यात."

"मी मोठा झालो की तुला न्हेतो," मी म्हणालो.

"आन बिऱ्हाडापाशी कोण बसणार?"

तू हे थट्टेनं विचारलं नव्हतंस. तुला खरोखरच प्रश्न पडला होता. जगाच्या कुठल्याही टोकाला गेलं तरी कुणीतरी सामानापाशी बसणार आणि ते कुणीतरी तूच असणार, हे बाराव्या वर्षी तुला पक्कं ठाऊक होतं.

"मी बसीन," मी म्हणालो. "तू कपात बस, मी बिऱ्हाडापाशी बसीन."

"भंडार उचल."

आणि मी आप्पांच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा घेतला, कपाळाला लावला, बिरोबाचं नाव घेतलं. आपल्यात भंडारा उचलला की शब्द फिरवता येत नाही. सात वर्षांच्या पोरालाही ते माहीत असतं. पन्नाशीच्या माणसाला विसरायला होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी तू आप्पांना म्हणालीस, "नामाला साळंत घाला. मेंढरांमागं मी हाय की." मी वसतिगृहात राहिलो, तू चालत राहिलीस. मी दहावी झालो, पुढं साताऱ्याला कचेरीत लागलो. तुझं लग्न झालं, दाजी गेले, तू परत आलीस आणि आप्पांची उरलीसुरली मेंढरं राखत बसलीस. मी किती वेळा म्हणालो, आक्का, साताऱ्याला ये, आमच्याजवळ राहा. चार दिवस यायचीस आणि पाचव्या दिवशी पिशवी भरायचीस. "तितं काय राखायचं हाय रं मला?" असं म्हणायचीस. मला ते ऐकून हायसं वाटायचं. हेही आज लिहून टाकतो.

आता जे लिहायचंय त्याला हात वळत नाही. मघाशी दिव्यात तेल घातलं, अंगणातली कोंबडी हाकलली, पाणी प्यायलो. परत येऊन बसलो.

आशूला चांगली नोकरी लागली तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, लहानपणी तुम्हाला काय पाहिजे होतं? जे राहून गेलं असं?" मी तिला त्या पानाची गोष्ट सांगितली. किल्ला सांगितला, कप सांगितले. पण आक्का, मी म्हणालो, "लहानपणी मी एक चित्र पाहिलं होतं." मी पाहिलं होतं. पान तू काढलेलं, इच्छा तू बोललेली, आणि मी ती माझी म्हणून माझ्या लेकीला सांगितली. तिनं शोधलं, तसली मोठी बाग हाँगकाँगला आहे. तिकिटं बघायला लागली. आठवडाभर घरात तेवढाच विषय होता आणि त्या आठवडाभरात मला तुझं नाव सुचलं नाही. शेवटी आशूच म्हणाली, "आत्यालाही नेऊया ना, एकटीच असते." मी म्हणालो, "हो हो, नेऊया की." जणू माझ्या ओठावरच होतं.

तुला फोन केला. तू विचारलंस, "त्यो कपाचा किल्ला?"

"व्हय."

"आरं द्येवा," एवढंच म्हणालीस.

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा त्यानं विचारलं, "आज्जी, परदेशात कशासाठी जाणार?" तू म्हणालीस, "जत्रंला." त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी खजील होऊन म्हणालो, "पर्यटन लिहा." तू मागून म्हणालीस, "जत्राच लिवा की, खरं हाय ते." ही गंमत मी साताऱ्याला गेल्यावर कचेरीत सांगितली. सगळे हसले. मी तुझ्यावर लोकांना हसवलं, आक्का. त्या वेळी मला वाटलं, मी मायेनं सांगतोय.

विमानतळावर तुझ्या खांद्यावर घोंगडं होतं. मी म्हणालो, "हे कशाला? तितं मिळतंय समदं." तू म्हणालीस, "परमुलूख हाय. कुठं टेकायचं म्हटलं तर?" आशूनं तुझी बाजू घेतली, म्हणून घोंगडं आलं.

बागेत शिरलो तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला होता, हे मला नक्की आठवतं. तू तोंडावर पदर धरला होतास आणि डोळे एवढे मोठे. किल्ला दिसल्यावर तू थांबलीस आणि पायातल्या चपला काढल्यास. देवळासमोर काढतो तशा. मी घाईघाईनं म्हणालो, "आक्का, चपला घाल, फरशी तापलीय." फरशी तापली नव्हती.

मग बागेतली सोंगांची मिरवणूक यायची होती. वाटेच्या कडेला माणसं उभी राहिली होती. तू एक बरीशी जागा पाहिलीस, घोंगडं झटकलंस आणि खाली अंथरून मांडी घालून बसलीस. "ये शैला, बस. पाय दुकत्याल." आपल्याकडचंच एक कुटुंब शेजारी होतं, मुंबईचं असावं. त्यांच्यातली एक बाई नवऱ्याच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघं हसले. कदाचित ते आपल्याला हसलेही नसतील. पण मी तुझ्या दंडाला धरलं आणि दातओठ खात म्हणालो, "उठ आधी. ही काय जत्रा हाय व्हय?"

तू माझ्याकडं वर पाहिलंस आणि सरळ विचारलंस, "मग काय हाय?"

मी दंड सोडला नाही.  तू उठलीस, घोंगड्याची घडी घातलीस. थोड्या वेळानं मिरवणूक जवळ आली तेव्हा तिथलीच माणसं, म्हातारी-कोतारी, पोरंबाळं, पिशव्यांतून पातळ चटया काढून त्याच वाटेच्या कडेला बसली. तू ते पाहिलंस. मला काहीच बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

त्यानंतर दिवसभर मी तुझ्यापासून चार पावलं पुढं चालत होतो. गर्दी होती म्हणून नव्हे.

पहिल्या पाळण्यापाशी पिशव्या ठेवायचा प्रश्न आला. पाण्याच्या बाटल्या, स्वेटर, आशूनं घेतलेली खेळणी. मी बाक दाखवला आणि म्हणालो, "आक्का, तू बस हितं. तुला हे झेपायचं न्हाई." तू बसलीस. दुसऱ्या पाळण्याला सांगावंही लागलं नाही, तू स्वतःच बाक शोधलास. आम्ही तिघं वर जायचो, खाली यायचो, केस विस्कटलेले, हसत. आणि तू दर वेळी विचारायचीस, "कसं वाटलं रं? पोटात गोळा आला का?" आपल्या गावच्या जत्रेत मी लाकडी पाळण्यातून उतरल्यावर विचारायचीस तसंच. मी "लय भारी" म्हणायचो आणि पुढच्या रांगेकडं निघायचो.

कप सगळ्यात शेवटी आले.

रांग छोटी होती. लहान लेकरं, गरोदर बायका, माझ्याहून म्हातारी माणसं त्या कपांत बसत होती. तू पिशवीत हात घातलास आणि ते पान काढलंस. आक्का, मला खरंच ठाऊक नव्हतं की तू ते जपलंस. घडीवर फाटलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. तू ते डोळ्यांसमोर धरलंस, एकदा पानाकडं, एकदा कपांकडं पाहिलंस आणि म्हणालीस, "ह्योच की रं नामा. निळा. कानाला सोन्याची पट्टी."

त्या वेळी मी काय म्हणायला हवं होतं ते सात वर्षांच्या मुलाला माहीत होतं.

मी म्हणालो, "तुला चक्कर येईल, आक्का. तू बस पिशव्यांपाशी."

तुझ्या तब्येतीची काळजी मला नव्हती. ज्या बाईनं पाचगणीचा घाट कोकरू खांद्यावर घेऊन चढला, तिला कपात बसून चक्कर येईल असं मला क्षणभरही वाटलं नाही. मला दिसत होतं ते एवढंच, की तू लुगडं वर धरून त्या कपात चढशील, मोठ्यानं "आगं आई गं" म्हणशील, आणि ते मुंबईचं कुटुंब मागं रांगेत उभं असेल. मला लाज वाटली, आक्का. आज पहिल्यांदाच मी हा शब्द लिहितोय. मला तुझी लाज वाटली.

तू पानाची घडी केलीस. "व्हय, व्हय," म्हणालीस, "बिऱ्हाडापाशी कुणीतरी पायजेच."

हा शब्द मी ऐकला. विसरलो असं मी स्वतःला दीड वर्ष सांगितलं, पण ऐकला होता. ऐकून मी आत गेलो आणि निळ्या कपात बसलो.

कपाच्या मध्ये एक चाक असतं. ते फिरवलं की कप आणखी जोरात फिरतो. मी ते जोर लावून फिरवलं. आशू किंचाळत होती, शैला डोळे मिटून माझा दंड धरून बसली होती, माझी टोपी उडून कुठं गेली कळलं नाही. फिरताना बाहेरचं काही दिसत नाही, सगळे रंग एकमेकांत कालवल्यासारखे होतात. तू कुठल्या बाजूला आहेस हेही मला कळत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मी शोधलंही नाही.

उतरलो तेव्हा माझी टोपी तुझ्या हातात होती. तू तिची धूळ झटकलीस. "घे. वाऱ्यानं न्हेली हुती." आणि नेहमीसारखं, "कसं वाटलं रं?"

परत आल्यावर तू दर दोन-चार दिवसांनी फोन करायला लागलीस. आधी कधी करत नव्हतीस. "नामा, त्या कपात धराय काय असतंय रं?" मी सांगितलं, मध्ये चाक असतं. "लोखंडाचं का लाकडाचं?" लोखंडाचं. "बसाय गादी असती का? वारा तोंडावर येतो का पाठीवर?" एकदा मी कचेरीत होतो, समोर साहेब बसलेले. मी म्हणालो, "आक्का, दुसरं काय काम न्हाई का तुला? किती दिवस तेच?" तू म्हणालीस, "बरं बरं, ठिवतो." त्यानंतर तू कपाचं विचारलं नाहीस. मला वाटलं, म्हातारपणाचा चाळा होता, सुटला. तू ते कशासाठी गोळा करत होतीस हे मला तू गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी कळलं.

तिसऱ्या दिवशी गावातल्या बायका बसायला आल्या. अंगणात दाटी झाली. रडून झाल्यावर तुझ्या गोष्टी निघाल्या, आणि एकजण डोळे पुसत म्हणाली, "कायबी म्हणा, सुख बगून गेली. इमानात बसली, कपात बसली."

"कपाचं लय ग्वाड सांगायची," दुसरी म्हणाली. "मदी लोखंडी चाक हुतं म्हणं. मी फिरवलं, आन गरागरा गेला बया कप. म्हणली, पोटात असा गोळा आला, अक्षी लगीन ठरलं तवासारका."

सगळ्या रडता रडता हसल्या. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. मला वाटलं, असू दे, म्हातारीनं चार बायकांत थोडं वाढवून सांगितलं. आणि मग तिसरी माझ्याकडं वळून म्हणाली, "आन नामा खाली बिऱ्हाडापाशी बसला हुता. सांगायची, माझ्या भावानं ल्हानपणी भंडार उचलला हुता, त्यो त्यानं पाळला. मला कपात बसवलं आन सोता पिशव्या राकत बसला. असा भाऊ मिळाय पायजे गं बया."

मी मागच्या दारानं बाहेर पडलो आणि गोठ्यात जाऊन उभा राहिलो. तुझी म्हातारी शेळी तेवढी माझ्याकडं बघत होती.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते तुला काय सांगू. जो येईल तो माझं कौतुक करून जात होता. वडीलधारे पाठीवर हात ठेवत होते. खरं सांगावं तर तू गावात खोटी पडणार. गेलेल्या बहिणीला चार माणसांत खोटं पाडायचं आणि आपलं मन हलकं करायचं? आणि गप्प राहावं तर तुझ्या मयतीवर मी मिरवायचं? तुझ्या जिवंतपणी मी तुझ्या इच्छेची चोरी केली होती, आता तुझ्या खोट्यावर जगायचं. शैलाला आणि आशूला सगळं माहीत, पण त्याही खाली मान घालून चहा देत होत्या. आशू एकदा मला म्हणाली, "बाबा, आत्या असं का सांगायची?" मी म्हणालो, "माहीत नाही." माहीत होतं. तू मला झाकत होतीस. भावानं परदेशात नेलं आणि बाकावर बसवलं, असं कुणी म्हणू नये म्हणून तू मला विचारून विचारून ती गोष्ट विणलीस, घोंगडं विणावं तशी, आणि माझ्या अंगावर टाकलीस.

काल दुपारी हिरामावशी एकटीच आली. तुझ्याहून दहा वर्षांनी मोठी, काठी टेकत येते. ती दिव्यापुढं बसली आणि मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. घोंगडं, चपला, बाक, कप. मी म्हणालो, "मावशे, आक्का कपात बसलीच न्हाई. मी बसलो हुतो. ती बिऱ्हाडापाशी हुती."

मावशीनं तंबाखू मळायची थांबवली नाही. "आमास्नी म्हाईत हाय की," ती म्हणाली.

"काय म्हाईत हाय?"

"ती बसली न्हाई ते. पयल्या दिसापास्नं म्हाईत हाय."

"कुणी सांगितलं?"

"तिनंच. आरं, कपात बसल्यालीला कप फिरताना दिसतोय व्हय? ती सांगायची, आशूच्या वेण्या कशा उडाल्या, शैला डोळं मिटून कशी बसली, टोपी कशी गरगरत येऊन बाकापाशी पडली. हे आतनं दिसतंय? हे भायेर बसल्यालीलाच दिसतंय. आमीबी जनम बिऱ्हाडापाशीच काढलाय, न्हवं?"

मी विचारलं, "मग कुणी तिला बोललं कसं न्हाई?"

"कशाला बोलायचं? भांगलायला बसलो की आमीच म्हणायचो, आक्का, कपाचं सांग. ती सांगाय लागली की आमी समद्याजणी कपात बसायचो. उनाचं तेवढंच बरं वाटायचं."

"आन माझं कौतुक? ते का केलंसा?"

 यावर तिनं तंबाखू तोंडात टाकली. "ते तिनं केल्यालं. तिच्या माघारी आमी कोण मोडणार?" मग काठीवर रेटून उठली आणि दारात वळून म्हणाली, "माझ्यापाशी मोकळा झालास, बरं झालं. पर मी कोण रं? जिला सांगायचं तिला सांग. अजून दिवा हाय तवर."

म्हणून आज मी कुणाला दिव्यापाशी बसू दिलं नाही.

मावशीनं मला माफ केलं असं मी समजत नाही. तिच्या बोलण्यात माफीही नव्हती आणि रागही नव्हता. पण तिच्यामुळं एक झालं. आता हे कुणी वाचलं तरी तू खोटी पडत नाहीस. गावाला आधीपासूनच सगळं ठाऊक आहे. पडलो तर मीच पडेन, आणि मला आता जरा पडायला हवंय.

एक भांडण मात्र तुझ्याशी राहिलं. तू मला एकदाही टोचून का बोलली नाहीस? एकदा म्हणायचं होतंस, नामा, भंडार उचलला हुतास रं. मी त्याच रांगेत परत उभा राहिलो असतो. राहिलो असतो का? लिहिताना वाटतं, हो. पण त्या दिवशीचा मी मला माहीत आहे, तो म्हणाला असता, "आक्का, ल्हानपणीचं काय घेऊन बसलीस?" तुलाही तो माहीत होता. म्हणूनच बहुतेक तू त्याला ती संधी दिली नाहीस.

तू तो दिवस कसा पाहिलास, हे मी तुला कधीच विचारलं नाही. सकाळपासून अंधार पडेपर्यंत बाकावर बसून तू आम्हाला वर जाताना आणि खाली येताना पाहिलंस. तुला दुःख झालं होतं, की तुला त्यातही बरं वाटत होतं, हे मला कळायचा आता मार्ग नाही. बरं वाटत असेल असं मानलं तर मी सुटतो, म्हणून मी ते मानणार नाही.

मघाशी घोंगड्याची घडी उलगडली. पान आत होतं. ते दिव्याशेजारी ठेवलंय, निळा कप वर येईल असं. दिव्याच्या उजेडात कानावरची पट्टी अजून चमकते. माणसं आहेत तशीच बसली आहेत. चहा अजूनही कुठं दिसत नाही.

उद्या दहावा. उद्यानंतर हा दिवा राहणार नाही. लांब रस्त्याला जीपचा आवाज येतोय, आपलीच असेल, किंवा दुसऱ्या कुणाची. आली तरी मी उठणार नाही. तेल घातलंय, वात सारलीय, पेटी माझ्या पाठीशी आहे, घोंगडं गुडघ्यावर घेतलंय. शेळीला पाणी दाखवलंय.

तू जा, आक्का. चपला काढायच्या तर काढ, कुणी काय म्हणत नाही. मोठ्यानं ओरडायचं तर ओरड. चाक दोन्ही हातांनी फिरव, आणि खाली बघू नकोस.

बिऱ्हाडापाशी मी हाय.